पेट्रोल इंजेक्टर घरी धुवायचे की मेकॅनिककडे द्यायचे? आधी बिघाड नक्की कुठे आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2015 ची वॅगन आर, कंपनी फिटेड सीएनजी, 90 हजारच्या आसपास चाललेली. पेट्रोलवर टाकली की सिग्नलला उभी असताना थरथरते, रेस दिली की आधी एक झटका मारते मग उचलते, ॲव्हरेज पण पडलंय. सर्व्हिसवाल्याने सांगितलं इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे नळ) क्लीनिंग करून घ्या, आणि यूट्यूबवर एक जण 9 व्होल्टची बॅटरी नि कार्ब क्लीनरचा स्प्रे घेऊन तेच काम अंगणात बसून करताना दिसला. तर घरी करावं की पैसे देऊन करून घ्यावं?

माझं स्वतःचं गॅरेज आहे, पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचंच काम जास्त येतं, म्हणजे मी 'मेकॅनिककडेच द्या' म्हणणार असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाहीये. टाकीत बाटली ओतणं, बिघाड शोधणं, आणि पान्यावर हात बसलेला असेल तर इंजेक्टर काढणं-बसवणं हेसुद्धा तुम्ही करू शकता. जे घरी होतच नाही ते म्हणजे मोजमाप. इंजेक्टर धुवून झाल्यावर तो किती पेट्रोल सोडतोय, बाकीच्या दोघांइतकंच सोडतोय का, बंद असताना गळतोय का, हे टेस्ट बेंचशिवाय, म्हणजे इंजेक्टर चालवून मोजायच्या मशीनशिवाय, कळत नाही. त्यामुळे पैसे द्यायचेच तर मोजण्याचे द्या, नुसत्या धुण्याचे देऊ नका. पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

आता पहिलं काम, आणि ते फुकट आहे. तुमच्या गाडीला दोन इंधनं आहेत हे फार मोठं हत्यार आहे, पण लोक वापरतच नाहीत. इंजिन पूर्ण गरम करा, सीएनजीवर आयडलला, म्हणजे रेस न देता, सोडा, एसी लावून पण बघा. मग तिथेच उभ्या उभ्या पेट्रोलवर टाका. सीएनजीवर मक्खन आणि पेट्रोलवर थरथर असेल तर प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन, मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांना) बाहेरून हवा ओढणं यातलं बहुतेक सगळं बाद झालं, कारण हे सगळं दोन्ही इंधनांना सारखंच लागतं. उलट सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग किंवा कॉइल कमकुवत असेल तर त्रास आधी सीएनजीवर दिसतो. म्हणजे तुम्ही लिहिलंय तसं खरंच फक्त पेट्रोलवरच होत असेल तर बिघाड पेट्रोलच्या बाजूला आहे, आणि त्या बाजूला इंजेक्टर एकटाच नाही, टाकीतलं शिळं पेट्रोल आहे, टाकीतला पंप आहे, त्याचा फिल्टर आहे. दोन्हीवर थरथरत असेल तर मात्र इंजेक्टरचं नावही काढू नका, आधी प्लग काढून बघा, थ्रॉटल बॉडी म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप बघा, इंजिन माउंटिंग बघा. माउंटिंगचं रबर बसलेलं असतं आणि गिऱ्हाईक इंजेक्टर धुऊन बसतं, हे इतक्यांदा बघितलंय की आता काही बोलवत नाही.

दुसरं, ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे नि कोड वाचणारा. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर काहीशे रुपयांत मिळतो, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाईलवर फ्युएल ट्रिम बघायचं. यात दोन आकडे असतात, शॉर्ट टर्म आणि लॉंग टर्म. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, ते किती टक्के जास्त हे म्हणजे ट्रिम. पेट्रोलवर, इंजिन गरम असताना, आयडलला एकदा आणि 2500 आरपीएम धरून एकदा बघा. आयडलला लॉंग टर्म खूप प्लस आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर इंजिन कुठूनतरी हवा ओढतंय. रेस आणि लोडवर उलट अजून वाढत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर.

इथे एक गोष्ट हल्ली सगळ्यांची फसगत करतेय, ती म्हणजे ई20. पूर्वी आम्ही प्लस पाचच्या वर गेलं की भुवई उंचावायचो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि त्याला जळायला हवा कमी, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. साध्या पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1, ई20 चं साधारण 13.5 ला 1. त्यामुळे जुन्या ट्युनिंगच्या चांगल्या गाडीतसुद्धा ट्रिम काही टक्के प्लस दिसणारच, त्यात इंजेक्टरचा दोष नाही. प्लस 12, 15 च्या पुढे आकडा ठाण मांडून बसला असेल तर मग शोधायला लागा. आणि ॲव्हरेजचं पण तेच. नीती आयोगाच्या 2021 च्या रोडमॅपमध्येच लिहिलेलं आहे की ई0 म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 ला कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई20 वर 6 ते 7 टक्के कमी होऊ शकतं. म्हणजे 18 देणारी गाडी 17 च्या खाली आली तर ते कुठलीही बाटली परत आणून देणार नाही. 18 ची 14 झाली असेल तर वेगळी गोष्ट.

अजून एक बारीक मुद्दा. तुमच्या इंजिनाला तीन सिलिंडर, पण ऑक्सिजन सेन्सर तिघांच्या धुराची सरासरी बघतो. समजा एकच इंजेक्टर चोक झालाय, तर सेन्सरला एकूण मिश्रण पातळ दिसतं, ईसीयू तिन्ही इंजेक्टरना जास्त पेट्रोल सोडायला लावतो, आणि मग एक सिलिंडर उपाशी नि दोन ओव्हर असं होतं. म्हणूनच थरथर आणि ॲव्हरेज पडणं हे जोडीने येतं. चार सिलिंडरच्या गाडीत हे थोडं झाकलं जातं, तीनवाल्यात लगेच स्टेअरिंगला कळतं. कोणता सिलिंडर ते शोधायला इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर, म्हणजे वायरचा कनेक्टर, काढून बघा. कपलर काढल्यावर आरपीएम पडायला पाहिजे, ज्याचा काढून काही फरकच पडत नाही तो सिलिंडर कामच करत नव्हता. ही टेस्ट झटपट उरका, न जळलेलं जास्त वेळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊ देऊ नका, आणि चेक इंजिनचा दिवा लागेल त्याने घाबरू नका, स्कॅनरने कोड काढता येतो. लांब डिसमिस इंजेक्टरच्या अंगाला टेकवून मूठ कानाला लावलीत तर टिकटिक ऐकू येते, तिघांची सारखी यायला पाहिजे. कपलर काढलेलाच आहे तर मीटरने ओहम पण मोजा, अशा पेट्रोल इंजेक्टरची कॉइल साधारण 11 ते 16 ओहमच्या मध्ये असते, आणि तिघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादी कॉइलच उडाली असेल तर धुऊन काय होणार.

आता इंजेक्टर घाण का होतो ते सांगतो, कारण सीएनजीवाल्यांचं कारण थोडं वेगळं असतं. गाडी चालू असताना पेट्रोल सतत वाहतं, टोक धुतलं जातं. गाडी बंद केली की इंजिनची उष्णता वर चढते, टोकाशी उरलेल्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग चिकट थर होऊन बसतो. छोट्या छोट्या फेऱ्या, सारखं चालू-बंद, यात तो थर वाढत जातो. आणि सीएनजीवाला काय करतो, पेट्रोल गाडी चालू करण्यापुरतं किंवा अडीअडचणीला, टाकीत पाच लिटर टाकलेलं चार महिने तसंच. इंजेक्टर इंजिनावर भाजत बसलेले, आत तेच जुनं पेट्रोल, त्याचा डिंकासारखा गोंद होतो. पेट्रोल स्वतःच शिळं झालेलं असतं. त्यामुळे सीएनजी गाडीच्या पेट्रोल इंजेक्टरचं 90 हजार किलोमीटर हे खरं वयच नाही, न वापरल्याने खराब झालेली ती वस्तू आहे.

म्हणून माझा पहिला उपाय कायम हाच असतो, आणि यात गॅरेजचा एक रुपयाचा धंदा होत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल संपवा, चांगल्या खपाच्या पंपावरून ताजं दहा-पंधरा लिटर भरा आणि ते सगळं पेट्रोलवरच चालवून संपवा. जमलं तर हायवेला, पुणे-सातारा नाहीतर नाशिक-शिर्डी असं कुठंतरी, इंजिन चांगलं तापू द्या. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच निम्म्या सुधारतात. या टाकीतच क्लीनरची बाटली टाकायची. बाटल्या शेकडो आहेत, लिक्वी मोली, वुर्थ, थ्रीएम, बर्दाल, काय हवं ते. मी ब्रँडवर भांडत नाही, मागे पॉलीइथरअमाइन म्हणजे पीईए लिहिलंय का एवढं बघा, थर विरघळवण्यात ते रसायन बाकीच्यांपेक्षा चांगलं काम करतं. बाटलीवर किती लिटरला किती लिहिलेलं असतं तेवढंच, डबल टाकून डबल साफ होत नाही. आणि बाटली टाकून गाडी सीएनजीवर पळवणारे पण भेटतात, त्यांना काय सांगायचं.

बाटलीची मर्यादा पण समजून घ्या. थर असेल तर हळूहळू काढते. इंजेक्टरच्या आतल्या जाळीत गंज नि कचरा अडकला असेल, सुई घासली असेल, सील गेलं असेल तर बाटली काही करत नाही. एक टाकी, फार तर दोन, ट्रिम आणि आयडल आधी लिहून ठेवलेलं असलं तर फरक पडला का ते मनाच्या समाधानावर सोडायला नको. फरक नाही पडला तर तिसरी बाटली आणू नका. एक्सपी95, स्पीड, पॉवर असलं महागडं पेट्रोल कायम भरायचं का असंही लोक विचारतात. त्यात साफ ठेवणारी रसायनं असतात, पण चोक झालेला इंजेक्टर त्याने उघडेल ही अपेक्षा नको.

पुढची पायरी गॅरेजची, इंजेक्टर न काढता केलेलं क्लीनिंग. यात गाडीचा पेट्रोल पंप बंद करतात, रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपला, बाहेरून एक डबा जोडतात, त्यात क्लीनर असतो आणि इंजिन अर्धा तास त्याच्यावरच चालवतात. बाटलीपेक्षा कितीतरी कडक, व्हॉल्व्हच्या मागचा थरही थोडा निघतो. हे खरंखुरं केलं तर चांगलं काम आहे. अडचण अशी की याच नावाखाली बऱ्याच ठिकाणी वेगळंच विकलं जातं. एअर फिल्टरचा पाइप काढायचा, थ्रॉटल बॉडीत स्प्रे मारायचा, टाकीत एक बाटली ओतायची आणि बिलावर लिहायचं फ्युएल सिस्टिम ट्रीटमेंट. थ्रॉटल बॉडी साफ झाल्याने आयडल सुधारतं, गिऱ्हाईक खूश, पण त्या स्प्रेचा एक थेंब इंजेक्टरला लागलेला नसतो, कारण इंजेक्टर थ्रॉटलच्या पुढे पोर्टवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा जायच्या वाटेवर, बसलेला आहे आणि त्याच्या आतून फक्त रेलमधलं पेट्रोल जातं. तेव्हा शेजारी उभं राहा आणि विचारा की डबा रेलला कुठे जोडणार. दाखवता नाही आलं तर तुम्ही तेच काम ढाई-तीनशेच्या स्प्रेमध्ये घरी करू शकता. आणि प्रत्येक दहा हजारला हे करा म्हणणाऱ्याला गाडीचं मॅन्युअल उघडून दाखवा, बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिसच्या वेळापत्रकात इंजेक्टर क्लीनिंग अशी ओळच नसते.

आता व्हिडिओवाल्याकडे येऊ. 9 व्होल्टची ट्रिक पूर्ण खोटी नाही. इंजेक्टर म्हणजे कॉइल आणि सुई, करंट दिला की सुई उचलते, त्याच वेळी आतून स्प्रे दाबला की घाण बाहेर येते. पण तो व्हिडिओत तीन गोष्टी सांगत नाही. एक, इंजिनात आयडलला इंजेक्टर एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. तुम्ही वायर धरून ठेवलीत, त्यात 12 व्होल्टची गाडीची बॅटरी वापरलीत, की कॉइल तापते आणि जळू शकते. टिचकी मारल्यासारखा करंट द्यायचा, क्षणभर. दोन, वायर टेकवताना ठिणगी पडते आणि हातात कार्ब क्लीनरची वाफ सुटलेली असते, आग लागायला अजून काय पाहिजे. बटण लांब ठेवा, उघड्यावर करा, गॉगल घाला. तीन, आणि हे कुणी बोलतच नाही, इंजेक्टरच्या वरच्या तोंडात एक बारीक जाळीचा फिल्टर बसवलेला असतो. तो न काढता टोकाकडून उलटा स्प्रे मारलात तर सुटलेला कचरा त्या जाळीला आतून जाऊन चिकटतो आणि गाडी चालू झाली की परत खाली येतो. वरून सरळ मारलात तर जाळीच्या वरची घाण तिथेच. बेंचवाले ती जाळी काढतात, नवी घालतात, म्हणून फरक पडतो. भोकात सुई, तार घालू नका, ती भोकं केसाएवढी बारीक आणि नेमक्या मापाची असतात, एकदा ओरखडा पडला की फवारा कायमचा वाकडा. अख्खा इंजेक्टर थिनरमध्ये बुडवून रात्रभर ठेवायचा हा पण एक प्रकार बघितलाय, त्याने कपलरकडचं प्लास्टिक नि सील फुगतं.

समजा सगळं नीट जमलं, तरी तुम्हाला दिसतं काय, फवारा येतोय एवढंच. डोळ्यांना तिन्ही फवारे सारखेच वाटतात. बेंचवर मागे एका टॅक्सीचे तीन इंजेक्टर लावले होते, काचेच्या नळ्या खाली उभ्या, ठरलेला वेळ फवारा सोडला. दोन नळ्या 60 मिलीच्या जरा वर, तिसरी 48 वर अडकलेली. आणि त्याचा फवारा बघायला वाकलो तर धुक्यासारखा नाही, एक बारीक धार सरळ खाली आणि बाजूला नुसती ओल. बेंच बंद केलं तरी टोकाशी एक थेंब फुगत गेला आणि पडला. टॅक्सीवाल्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या टबात, धुऊन, जाळी आणि ओ-रिंग बदलून परत लावले तेव्हा तिघेही साठीच्या पुढे आणि तो थेंब बंद. थेंब बंद झाला नसता तर तो इंजेक्टर नवाच घ्यायचा, कारण गळणारा इंजेक्टर कितीही धुतला तरी रात्रभर पोर्टमध्ये पेट्रोल सोडत राहतो, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो आणि हळूहळू ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं.

म्हणून माझा सल्ला मधला आहे. हात चालत असेल तर इंजेक्टर स्वतः काढा आणि फक्त तीन इंजेक्टर पिशवीत घालून बेंचवाल्याकडे घेऊन जा. मोठ्या गावात आता असे बरेच आहेत, डिझेल पंपवाल्यांच्या गल्लीत विचारलं तर सापडतात. काढण्या-बसवण्याची मजुरी वाचते आणि धुण्याआधीचे नि नंतरचे आकडे डोळ्यासमोर बघता येतात. आधीचे आकडे न घेता थेट धुवायला टाकणाऱ्याकडे देऊ नका. तिघांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक राहिला तर मी तरी ते काम पूर्ण झालं म्हणत नाही.

काढायचं कसं ते सांगतो, पण हे फक्त साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीसाठी. इंजिन थंड, जागा मोकळी, सीएनजीचा सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी पेट्रोलवर चालू करा, ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, परत एक-दोनदा सेल्फ मारा, म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरतं. यात तीन-चार बार प्रेशर असतं, टायरमधल्या हवेपेक्षा थोडंच जास्त, पण पेट्रोल डोळ्यात उडालं तर तेवढं पुरे आहे. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. आता लगेच पाना लावू नका, आधी इंजेक्टरच्या भोवतीची धूळ ब्रशने आणि हवेने उडवा. दहा वर्षांची वाळू तिथे साठलेली असते आणि इंजेक्टर वर उचलला की ती थेट पोर्टमध्ये, तिथून व्हॉल्व्हवर. घरी काम करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, क्लीनिंगमध्ये नाही.

पेट्रोल पाइपचा क्विक कनेक्टर लॉक दाबून काढायचा असतो, ओढून नाही. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, तुटलं तर अख्खा पाइप आला. फडकं गुंडाळून काढा, थोडं पेट्रोल येतंच. रेलचे बोल्ट काढले की रेल इंजेक्टरसकट सरळ वर ओढा, हलकं हलकं हलवत. रेलच्या खाली वायसर, स्पेसर असतील तर कुठला कुठे होता त्याचा मोबाईलवर फोटो काढा. उघड्या पोर्टमध्ये लगेच स्वच्छ फडकं कोंबा, दोरा सुटणारं नको. तुमच्या गाडीत सीएनजीचे वेगळे इंजेक्टर आणि त्यांचे पाइप शेजारीच आहेत, त्यांना हात लावायचा नाही. तिथला आजार वेगळा, कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येऊन त्यात बसतं, ते काम सीएनजीवाल्याचंच आहे आणि गॅसची गळती हा प्रयोग करायचा विषय नाही.

बसवताना ओ-रिंग नव्याच, वरच्या पण आणि खालच्या पण. जुनी चांगली दिसते म्हणून परत टाकणारे आहेत, पण ती दहा वर्षं दाबून चपटी झालेली असते. बाजारात साधी काळी रबरी रिंग दोन रुपयाला मिळते ती चालत नाही, पेट्रोल आणि इथेनॉल सोसणारी विटॉनची घ्या, शक्यतो गाडीच्या पार्ट नंबरचीच. रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, इंजेक्टर फिरवत दाबा, हातोडी नाही. रेल बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर हाताने थोडा फिरायला हवा. मग इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन-ऑफ तीन-चारदा करा, पंप दोन सेकंद चालून रेल भरतो, टॉर्च घेऊन प्रत्येक रिंगपाशी बघा, बोट फिरवून वास घ्या. ओलावा दिसला तर चालू करायचीच नाही. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब म्हणजे बोनेटखाली आग, आणि हा एक धोका असा आहे की ज्यासाठी मी नवख्या माणसाला हे काम एकट्याने करू नका म्हणतो. शेजारी अग्निशामक सिलिंडर पाहिजे.

ज्यांच्याकडे डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल आहे, टीएसआय, टर्बो जीडीआय वगैरे, त्यांनी वरचं सगळं विसरा. तिथे इंजेक्टर सिलिंडरच्या आत बसतो, प्रेशर शेकडो बारमध्ये, टोकाला टेफ्लॉनची सील असते जी प्रत्येक वेळी खास टूलने बदलावी लागते. शिवाय त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून तिथे जमणारा कार्बन टाकीतल्या बाटलीने निघत नाही.

आणि कॉमन रेल डिझेलला तर अजिबात नको. 1600 बार आणि त्याच्या वर प्रेशर असतं, चालू इंजिनावर पाइपचा नट ढिला करून 'कुठला सिलिंडर मिस करतोय' बघायची जुन्या डिझेलची सवय इथे हात घालवते. इतक्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, वरून नुसती टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येऊ शकते. असं कुणाला झालं तर मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल, आणि डिझेलचं प्रेशर लागलंय हे डॉक्टरला सांगा. शिवाय त्या इंजेक्टरवर कोड छापलेला असतो, नवा टाकला की स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, खाली तांब्याचं वायसर नवं लागतं. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला बाटल्या लावून कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय ते बघणारा माणूस शोधा, त्याला पैसे द्या.

दुचाकीचं एका दमात सांगतो. एप्रिल 2020 मध्ये बीएस6 आल्यापासून स्प्लेंडर, ॲक्टिव्हासुद्धा एफआय म्हणजे इंजेक्टरवाल्या झाल्या, इंजेक्टर एकच, काढायला सोपा, पण आयडलला बंद पडणाऱ्या स्कूटरमध्ये आधी थ्रॉटल बॉडीचा कार्बन आणि बॅटरी बघा. बॅटरी बसली की पंपाला दम मिळत नाही आणि लोक इंजेक्टरला शिव्या घालतात.

खर्चाचं म्हणाल तर शहरागणिक बदलतो, पण ढोबळ असं धरा की बाटली काहीशे रुपये, रेलला डबा लावून केलेलं क्लीनिंग हजार ते दोन-अडीच हजार, बेंच आणि अल्ट्रासोनिकला एका इंजेक्टरमागे काहीशे, वर जाळी-रिंगचा किट, आणि काढण्या-बसवण्याची मजुरी वेगळी. तुमच्या गाडीला तीनच आहेत, त्यामुळे तुम्ही स्वतः काढून नेले तर बेंचचा खर्च त्या नुसत्या ट्रीटमेंटच्या आसपासच जातो.

काम झाल्यावर जुने ट्रिम स्कॅनरने क्लिअर करा, नाहीतर ईसीयू आधीच्याच सवयीने जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि पहिले काही दिवस गाडी ओव्हर वाटते. मग दर आठवड्याला निदान एकदा पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा, घर ते ऑफिस असलं तरी चालेल. आणि टाकी कायम रिझर्व्हला ठेवायची सीएनजीवाल्यांची सवय सोडा, चौथा हिस्सा तरी भरलेली असू द्या पण महिन्या-दीड महिन्यात ते पेट्रोल फिरलं पाहिजे. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो, कोरडा चालला की तापतो, आणि तो बदलायचा खर्च तिन्ही इंजेक्टर धुण्याच्या कितीतरी पुढे जातो.